पळून मिळतं काय?

बारामतीच्या किंवा इंदापूरच्या रस्त्यावर पहाटे कुणी पळताना दिसलं, की बघणाऱ्याला दोनच कारणं सुचतात. पळणारा विशी-बाविशीचा असेल तर तो भरतीची तयारी करतोय. पन्नाशीचा असेल तर त्याला शुगर निघाली आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय. तिसरं कारण लवकर मनात येत नाही. भरतीचं वय उलटलेला, तब्येतीने ठणठणीत, शेती किंवा दुकान बरं चाललेला माणूस रोज पाच-सहा किलोमीटर पळतो, घरी येऊन अंघोळ करतो आणि कामाला लागतो, असं सांगितलं तर समोरचा सरळ विचारतो: पण पळून मिळतं काय?

प्रश्न साधा आहे, पण हलका नाही. वेदान्ताने हाच प्रश्न थेट ईश्वराबद्दल विचारलेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप घेणारा म्हणतो, की शहाणा माणूस काही हेतू असल्याशिवाय कुठल्याच खटपटीत पडत नाही. मग ईश्वराने एवढं जग कशासाठी निर्माण केलं? त्याला काही हवं होतं म्हणावं, तर त्याच्यात उणीव होती असं ठरतं. काहीच नको होतं म्हणावं, तर एवढा खटाटोप कळेनासा होतो. सूत्रकारांचं उत्तर अगदी आखूड आहे: लोकव्यवहारात दिसतो तसा हा निव्वळ खेळ आहे, लीला आहे. शंकराचार्य भाष्यात त्याचे दाखले देतात. सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला एखादा राजा किंवा अमात्य क्रीडावनात रमतो, तेव्हा तो काही मिळवायला तिथे गेलेला नसतो. आणि श्वासोच्छ्वास तर कुठलंही बाहेरचं प्रयोजन न ठेवता आपल्या स्वभावानेच चालू असतो.

पळणाऱ्या माणसाला हा दुसरा दाखला विशेष जवळचा वाटावा. पहिले दोन-तीन किलोमीटर छाती भरून येते, पायाला सगळी कारणं आठवतात. मग कधीतरी श्वास आणि पाऊल यांचं जमतं, आणि तेवढा वेळ का पळतोय हा प्रश्न उरत नाही. त्याचं उत्तर सापडलेलं नसतं. तो विचारणाराच गप्प झालेला असतो.

पण आचार्य तिथे थांबत नाहीत. ते पुढे एक फार प्रामाणिक गोष्ट कबूल करतात: माणसांच्या खेळात बारकाईने पाहिलं तर एखादं सूक्ष्म प्रयोजन सापडूही शकेल, ईश्वराच्या बाबतीत मात्र तसं काही कल्पिता येत नाही. म्हणजे ज्या माणसांच्या खेळाचा दाखला देऊन लीला समजावली, त्या माणसांना शुद्ध खेळाचं प्रमाणपत्र मिळालेलंच नाही. हौसेने पळणाऱ्या प्रत्येकाने हा परिच्छेद एकदा शांतपणे वाचावा असा आहे.

मोठ्या शहरांतलं धावणं त्या कसोटीवर ठेवून पाहू. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. सुरुवातीला या शर्यती बघायला जायच्या असत. केनिया-इथिओपियाचे धावपटू पुढे आणि फुटपाथवर टाळ्या वाजवणारे आपण. गेल्या वीस वर्षांत टाळ्या वाजवणारेच रस्त्यावर उतरले. आज तळजाईच्या टेकडीवर, विद्यापीठाच्या आवारात, मरीन ड्राइव्हवर पहाटे साडेपाचला जी गर्दी असते तिच्यात बँकेतले अधिकारी आहेत, सॉफ्टवेअरवाले आहेत, चाळिशीत पहिल्यांदाच बूट घालून घराबाहेर पडलेल्या गृहिणी आहेत. यातल्या फार थोड्यांना विजेत्याचं पदक किंवा बक्षिसाची रक्कम मिळण्याची शक्यता असते, आणि तरीही ते पळतात. ही मराठी मध्यमवर्गात घडलेली खरोखर नवी आणि चांगली गोष्ट आहे. शाळा सुटल्यावर अंगाला खेळ माहीतच नसलेल्या दोन पिढ्यांनंतर ती घडली आहे.

मग सूक्ष्म प्रयोजन कुठे आहे? ते मनगटावर आहे. घड्याळ प्रत्येक किलोमीटरचा पेस सांगतं, हृदयाचे ठोके सांगतं, मागच्या रविवारच्या लाँग रनपेक्षा आज किती सेकंद कमी पडले ते सांगतं. शर्यत संपली की अंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक पडतं, म्हणजे आता फळही सगळ्यांना वाटून दिलं जातं. हौशी धावपटू एकमेकांना भेटतात तेव्हा पहिला प्रश्न पीबी किती, म्हणजे आजवरची सर्वांत चांगली वेळ कोणती, हा असतो. ज्याला काही मिळवायचं नव्हतं त्याच्याही पुढे मिळवण्याची एक नवी शिडी उभी राहते. कुणी संस्थेसाठी निधी गोळा करत पळतो, मुंबईच्या शर्यतीत ही प्रथा चांगली रुजली आहे. ते प्रयोजन उदात्त असलं तरी प्रयोजनच.

धर्माच्या नावाने पळणंही यातून सुटत नाही. जपानच्या हिएई पर्वतावर तेंदाई पंथातले मोजके भिक्षू सात वर्षांत हजार दिवसांची डोंगरफेरी पूर्ण करतात. न्यूयॉर्कमध्ये श्री चिन्मय यांच्या अनुयायांनी १९९७ पासून शहरातल्या एकाच ब्लॉकभोवती फिरत ३१०० मैलांची शर्यत चालवली आहे. त्या पावलांमागे असलेली श्रद्धा आदर वाटावा अशीच आहे. तरी तिथे मिळवायचं काहीतरी आहे, आणि ते पदकापेक्षा कितीतरी मोठं आहे.

आता बारामती.

२०१३ साली बारामतीतल्या एका मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती. तिच्यात लता भगवान करे नावाच्या साठीच्या बाई उतरल्या. मूळचं कुटुंब बुलडाणा जिल्ह्यातलं, पोटासाठी बारामतीकडे आलेलं, शेतमजुरीवर चालणारं. नवरा आजारी होता. डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला होता आणि त्याला लागणारे पैसे घरात नव्हते. शर्यतीचं बक्षीस पाच हजार रुपये आहे असं त्यांना कळलं. त्या नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या. सराव करून आलेल्या, ट्रॅकसूट घातलेल्या स्पर्धकांना मागे टाकून जिंकल्या.

ही गोष्ट देशभर पोचली आणि बहुतेक ठिकाणी एकाच सुरात सांगितली गेली: पाहा, प्रेम काय करू शकतं. काहींनी दुसरा सूर लावला: एकीकडे हजारो रुपयांचे बूट घालून मजेसाठी पळणारे, आणि दुसरीकडे ही बाई. पहिल्या सुरात गरिबीची पूजा होते. दुसऱ्यात खेळाला दोषी ठरवलं जातं. दोन्हींत ती तीन किलोमीटरची धाव नीट पाहायची राहूनच जाते.

अनवाणी पळण्याचंच घ्या. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन धावला आणि जिंकला. पण तो अनवाणी सराव केलेला, सम्राटाच्या रक्षकदलातला कसलेला धावपटू होता. बूट न घालणं हा त्याने घेतलेला निर्णय होता. करे यांच्यापुढे तसली निवड नव्हती. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन अनवाणी धावांमध्ये एवढं अंतर असतं, आणि ते पायांकडे बघून कळत नाही.

गीतेच्या भाषेत विचारायचं तर करे यांची धाव सकाम की निष्काम? वरवर पाहता उत्तर सोपं आहे. फळावरच डोळा होता, रक्कमसुद्धा ठरलेली होती. निष्काम कर्माची व्याख्या फळाची पर्वा न करणं अशी केली, तर तळजाईवर पळणारा निवृत्त अधिकारी या बाईंपेक्षा गीतेच्या जवळ जाऊन बसतो. असा निष्कर्ष निघत असेल तर व्याख्येतच काहीतरी चुकलं आहे.

टिळकांनी ही चूक फार आधी हेरली होती. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ते वारंवार बजावतात, की फलाशा सोडणं आणि हेतू सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्म काहीतरी साधण्यासाठीच करायचं, त्यासाठी सगळी अक्कल आणि ताकद लावायची. सोडायची ती आपल्यापुरती चिकटलेली आसक्ती. हे लिहिणारा माणूस कॉलेजच्या पहिल्या वर्षी अभ्यास बाजूला ठेवून तालमीत घाम गाळलेला होता, शरीर कमावणं त्याला तुच्छ वाटत नव्हतं. टिळकांचा हा धडा घेतला की प्रश्न बदलतो. फळ हवं होतं का, हे विचारणं मागे पडतं, आणि फळ कुणासाठी हवं होतं, हे पुढे येतं. जो फक्त स्वतःसाठी रांधतो तो पापच खातो, असं गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे. तिथेही रांधण्याला दोष दिलेला नाही.

गावोगावच्या तालमीत ज्याची मूर्ती असते तो देव या बाबतीत नीट बघण्यासारखा आहे. मारुतीच्या दोन उड्या सगळ्यांना माहीत आहेत. पहिली लहानपणची: उगवता सूर्य लालबुंद फळासारखा दिसला आणि पोरगं झेपावलं. दुसरी लंकेच्या रणांगणावरून द्रोणागिरीकडे: लक्ष्मण मूर्च्छित पडलेला, औषधी पहाटेच्या आत आणायची. पहिल्या उडीत खोडकरपणा आहे, पोराची भूक आहे. दुसरीत पक्कं प्रयोजन आहे, वेळेची मर्यादा आहे, दुसऱ्याचा जीव टांगणीला आहे. भक्तांनी यातली एक उडी वर आणि दुसरी खाली असं कधी ठरवलं नाही. पण चित्रांमध्ये, कॅलेंडरांवर, देवळांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या रंगवली जाते ती पर्वत हातावर घेतलेली, औषधासाठीची धाव. बारामतीच्या त्या शर्यतीला आपल्या परंपरेत याहून जवळचा पूर्वज शोधायला नको.

इथपर्यंत येऊन थांबलं तर हौशी धावणं दुय्यम ठरतं: गरज नसताना पळणं ठीक, पण खरं पळणं गरजेचं. तसं मात्र म्हणता येणार नाही, आणि न म्हणण्याचं कारण बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दर आषाढात पाहायला मिळतं.

संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड करत बारामतीत येते. पुढे काटेवाडीत परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मग पालखी इंदापूर तालुक्यात शिरते. बेलवाडीच्या माळावर सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण होतं, पुढे निमगाव केतकी मागे टाकून इंदापूर शहरात आणखी एक. या सोहळ्याची सुरुवात तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली केल्याचं परंपरा सांगते.

रिंगण हा शब्द ऐकला की शहरातल्या माणसाला घोडा आठवतो, कारण छायाचित्रं घोड्याची छापून येतात. पण घोड्याआधी माणसं पळतात. मधोमध पालखी, भोवती दिंड्या, त्यांच्यामधून मोकळी ठेवलेली गोल वाट. आधी पताका घेतलेले वारकरी पळतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या, पाण्याचे हंडे घेतलेल्या बाया पळतात. त्यातल्या कित्येक साठी-सत्तरीच्या असतात, पदर खोचलेला, एक हात तुळशीला. विणेकरी पळतात. मग स्वाराचा अश्व आणि देवाचा अश्व सुटतात, आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. त्यानंतर फुगड्या, हुतूतू, मनोरे, टाळ-मृदंगावरच्या उड्या. वारकरी या सगळ्याला खेळच म्हणतात.

ही वर्तुळातली धाव आहे. जिथून निघाली तिथेच येते. पंढरपूर त्यामुळे एका पावलानेही जवळ येत नाही. कुणी पहिलं येत नाही, वेळ मोजली जात नाही. दिवसभर पंधरा-वीस किलोमीटर चालून आलेली माणसं आणखी पळतात आणि थकवा गेला म्हणतात. कुठल्याही हिशेबात बसवायला जावं तर ते बसत नाही.

आणि पळणारी माणसं कोण आहेत? शंकराचार्यांच्या दाखल्यातला सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा इथे औषधालाही सापडत नाही. पेरणी करून आलेले किंवा पाऊस नाही म्हणून पेरणी अडलेले शेतकरी आहेत. सोसायटीचं कर्ज आहे, पोरीचं लग्न आहे, उसाचं बिल अडकलं आहे. घरी परतल्यावर यातलं काहीही आपोआप सुटलेलं नसणार. वेदान्ताने खेळ पूर्णकामाच्या पदरात टाकला होता. वारकऱ्यांनी तो अपुऱ्या इच्छांच्या माणसाला देऊन टाकला. हा केवढा मोठा बदल आहे, हे आपण रिंगणाच्या गर्दीत विसरून जातो. सगळं मिळाल्यावर खेळू, असं त्यांनी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ते कधीच खेळले नसते.

ज्यांच्या पालखीचं हे रिंगण, त्या तुकोबांच्या चरित्रातही हेच दिसतं. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नान्न करून गेली, व्यापार बुडाला. त्याच माणसाच्या गाथेत फुगडी, हमामा, हुतूतू, विटूदांडू अशा खेळांवरच्या अभंगांचा एक संचच आहे. दुःखाचा विसर पडावा म्हणून खेळ, असं त्याकडे बघणं फार उथळ होईल. दुःखाने माणसाचा खेळण्याचा हक्क काढून घेतलेला नाही, असं ते अभंग वाचताना सतत जाणवतं.

बारामतीला याच गोष्टीचा दुसरा, अगदी वेगळ्या घाटाचा वारसा आहे. पंडित कवी मोरोपंत पन्हाळ्याहून येऊन इथे स्थायिक झाले आणि १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणं आहेत. एकच कथा, आणि प्रत्येक वेळी स्वतःवर नवी अट. निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारायची अक्षरं वर्ज्य. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि राम हे नाव घ्यायचं नाही, कारण म म्हणायला ओठ मिटावे लागतात. परंतु रामायणात परंतु हा शब्द गुंफत जायचं. याने पंतांना काय मिळालं? पुण्य म्हणावं तर ते साध्या रामायणानेही मिळालं असतं. व्यासंगी समीक्षकांनी या रचनांना कसरत म्हणून बाजूला ठेवलं, आणि ते अन्यायाचं आहे. स्वतः आखून घेतलेल्या अटीत राहून एखादी गोष्ट तडीस नेण्यात माणसाला जो आनंद होतो, तो मॅरेथॉन पळणाऱ्याला चांगला ठाऊक असतो. ४२.१९५ किलोमीटर या आकड्यात तरी असं काय पवित्र आहे? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातल्या राजाच्या सज्ज्यापर्यंतचं ते अंतर होतं, पुढे तेच कायम झालं. अट कुठून आली याला महत्त्व नाही. ती मान्य करून चाळिसाव्या किलोमीटरला माणूस थांबत नाही, याला आहे.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. फळाचा त्याग समजावताना विनोबांनी खेळणाऱ्या मुलाचा दाखला दिला आहे. मुलाला खेळातून व्यायामाचं फळ मिळतंच, पण त्याचं लक्ष त्या फळाकडे नसतं. त्याचा सगळा आनंद खेळण्यातच असतो. मनगटावरच्या घड्याळाचा प्रश्नही इथे सुटतो. घड्याळ असायला हरकत नाही. पदकही घ्यावं. प्रश्न पळतानाच्या लक्षाचा आहे. रोज सकाळी आकडा बघून दिवस चांगला की वाईट ठरवणारा हौशी धावपटू कुठल्याही मजुराइतकाच फळाला बांधलेला आहे, आणि त्याला कुणी बांधलेलं नाही हे अधिक वाईट आहे.

या सगळ्यात ज्यांच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं ती या दोन तालुक्यांतली भरतीची पोरं-पोरी. कालव्याच्या कडेचा रस्ता, शाळेचं मैदान, तालुका क्रीडा संकुल, जिथे जागा मिळेल तिथे ती पळतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. पन्नास गुणांच्या शारीरिक चाचणीतले वीस गुण या एका धावेवर. एक-दोन सेकंदांनी गुण कमी होतात, त्या गुणांवर नोकरी जाते, नोकरीवर घर उभं राहायचं असतं. या भागापासून जवळच असलेल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत गेली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेल्यानंतर त्याच शर्यतीत देशाचे विक्रम मोडत गेला. पण त्यांच्या वाटेने जाणारे हजारांत एखादे. बाकीच्यांसाठी धावणं म्हणजे एका सरकारी दरवाजाची किल्ली. खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा अठ्ठावीस, मागासवर्गीयांसाठी तेहतीस. ती उलटली की पळणंही थांबतं, आणि वर्षानुवर्षं मेहनतीने कमावलेलं शरीर दोन-तीन वर्षांत ओळखू येईनासं होतं.

या मुलांना निष्काम कर्म शिकवायला जाणं क्रूरपणाचं होईल. ज्याला फळाशिवाय भागणारच नाही त्याला फळाची आशा सोड म्हणणं हा उपदेश नव्हे. मात्र भरतीत न निवडल्या गेलेल्या मुलीला, आठशे मीटर ती किती सुंदर पळायची आणि ती धाव गुणपत्रिकेबाहेरही तिची स्वतःची आहे, हे तिच्या गावात सांगणारं कुणीतरी असायला हवं. शहरात असे गट आहेत, प्रशिक्षक आहेत, रविवारच्या शर्यती आहेत. तालुक्याच्या गावात लग्न झालेली तीस वर्षांची बाई सकाळी पळायला निघाली, तर तिला घरात आणि दारात दोन्हीकडे उत्तर द्यावं लागतं. आषाढात तीच बाई डोक्यावर तुळस घेऊन पळाली तर गाव तिच्या पाया पडतं. देवाच्या नावाने जे स्वातंत्र्य तिला एक दिवस मिळतं, ते इतर दिवशी तिच्या स्वतःच्या नावाने का मिळू नये, हा प्रश्न वारकरी परंपरेच्या विरोधात नाही. त्या परंपरेनेच तो शक्य केला आहे.

करे यांच्या शर्यतीकडे आता परत बघता येतं. तिच्यात दोष पळण्याचा नव्हता, फळाच्या इच्छेचाही नव्हता. दोष या गोष्टीत होता, की एका तपासणीची किंमत साठीच्या बाईला पायांनी चुकवावी लागली. राज्यात त्याच सुमारास राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पसरत होती. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ती योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये उरलेल्या जिल्ह्यांत गेली. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ साली सुरू झालं. या गोष्टी झाल्या हे चांगलंच. तरी आजाराचं नाव ठरेपर्यंतचा खर्च, म्हणजे डॉक्टर, रक्त, लघवी, फोटो, गाडीभाडं, हा गरीब घरात अजूनही बहुतेक वेळा पदरचाच असतो. मजेसाठी पळणाऱ्याने स्वतःच्या मजेची लाज बाळगण्याची गरज नाही. त्याने या खर्चाची लाज बाळगावी, आणि मतदार म्हणून, दाता म्हणून, शर्यतीचा आयोजक म्हणून त्याचं काहीतरी करावं.

पुढे नवीन देशबोईना या दिग्दर्शकाने या घटनेवर 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट केला आणि लता करे यांचं काम स्वतः लता करे यांनीच केलं. म्हणजे ती शर्यत त्यांना पुन्हा पळावी लागली, या वेळी कॅमेऱ्यासमोर. निकाल आधीच ठरलेला होता. बक्षीस केव्हाच मिळून खर्चही झालेलं होतं. विश्वरूप दाखवल्यानंतर श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की हे सगळं आधीच घडून गेलेलं आहे, तू फक्त निमित्त हो; तरीही बाण अर्जुनालाच सोडायचे होते. या बाईंनाही पाय उचलावेच लागले, दम लागलाच असणार. गरजेची धाव पहिली होती. दुसरीला काय म्हणायचं, याचं उत्तर भाष्यांत सहज सापडत नाही. मार्च २०२१ मध्ये सदुसष्टावे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले तेव्हा विशेष उल्लेखांच्या यादीत लता करे यांचं नाव होतं.